हात धुतले का, हे विचारायचे कोणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात नांदेडचे नाव देशभरच्या बातम्यांत होते. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. अठ्ठेचाळीस तासांत हा आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधे मिळाली नाहीत असे नातेवाईक म्हणत होते, औषधांचा तुटवडा नव्हता असे शासन म्हणत होते. बाळे कमी वजनाची होती, फार उशिरा आणली गेली, खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण दाखल होते, असेही सांगितले गेले. त्या मृत्यूंचा निवाडा करायला मी आज बसलेली नाही. तो माझा अधिकारही नाही. मला आठवतो तो त्याच दिवसांतला दुसरा एक प्रसंग.

३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील या रुग्णालयात आले. स्वच्छतागृहे घाण होती. त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वतःच्या हाताने स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्याची चित्रफीत त्याच दिवशी घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. पुढे खासदारांवर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला आणि एका बाळंतिणीच्या व तिच्या बाळाच्या मृत्यूबद्दल नातेवाइकांनी केलेल्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही गुन्हा नोंदला गेला.

मी एकतीस वर्षे सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, शेवटची काही वर्षे शिकवायलाही होते. त्यामुळे त्या आठवड्यात ओळखीचे सगळे मलाच विचारत होते, “बाई, बरे झाले की वाईट झाले?” काहींना ते दृश्य पाहून बरे वाटले होते. साहेबाच्या हाती एकदा तरी झाडू आला, असे. काहींना संताप आला होता. मला स्वतःला ते पटले नाही. एखाद्या माणसाची सगळ्यांदेखत अशी फजिती करू नये, हे तर आहेच. पण कॅमेऱ्यासमोर एकदा घासलेले स्वच्छतागृह दोन तासांनी पुन्हा तसेच होते. ते रोज चार वेळा घासायला माणूस लागतो, त्या माणसाला पगार लागतो, त्याच्या बादलीत पाणी लागते आणि त्याने काम केले की नाही हे पाहणारा दुसरा माणूस लागतो. त्या चित्रफितीत यातले काहीच नव्हते.

आणखी एक गोष्ट होती. संडासाची घाण दिसते, तिचा वास येतो, म्हणून तिचे चित्र काढता येते. दवाखान्यात रुग्णाला नवा आजार जडतो तो मात्र बहुतेक वेळा हातावाटे. डॉक्टरच्या, सिस्टरच्या, मावशींच्या आणि आपल्या, म्हणजे सोबत आलेल्या नातेवाइकांच्या हातांवाटे. त्या हातांना वास येत नाही. ते दिसायला स्वच्छच असतात.

हे मी पुस्तकातून शिकले, पण मला ते कळले एका रात्री.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातलाच एक दवाखाना. नवजात बाळांच्या वॉर्डात मी एकटी आणि बाळे वीसच्या आसपास. एका पाळण्यात दोन-दोन. एका बाळाच्या नाळेपाशी पू झाला होता, तो मी पुसत होते. तेवढ्यात शेजारच्या बाळाची आजी म्हणाली, “सिस्टर, बाटली संपली.” सलाईन संपले की नळीत रक्त चढते, हे सगळ्या आज्यांना माहीत असते. नळ वऱ्हांड्याच्या टोकाला होता, आणि त्या वेळी त्याला पाणी होते की नव्हते हे आता आठवत नाही. मी पुसायचा बोळा खाली टाकला, वळले आणि बाटली बदलली. नळी जिथे सुईला जोडतात तिथे माझी बोटे लागली. जेमतेम अर्ध्या मिनिटाचे काम.

तिसऱ्या दिवशी ते दुसरे बाळ दूध ओढेना. अंग गार पडले. नवजात बाळाच्या रक्तात जंतू गेले की ताप येतोच असे नाही. कित्येकदा ते थंड पडते, मलूल होते, अंगावर पीत नाही. पाचव्या दिवशी ते गेले. कागदावर ‘जंतुदोष’ असा शब्द लिहिला गेला, तो बरोबरच होता. जाताना त्या आजीने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “माय, तुम्ही लई केलं आमच्यासाठी.”

माझ्यामुळे ते बाळ गेले, असे सिद्ध करता येणार नाही. माझ्यामुळे गेले नाही, असेही सिद्ध करता येणार नाही. जन्माच्या वेळीच संसर्ग झाला असेल. माझ्याआधी कोणी हात लावला असेल. दवाखान्यातल्या संसर्गाची खरी अडचण ही आहे. चुकीचे इंजेक्शन दिले तर बाटलीवर नाव असते. हातावाटे जंतू गेला तर साक्षीदार नसतो. तीन दिवसांनी त्रास सुरू होतो, तोवर ड्यूट्या बदललेल्या असतात. म्हणून जबाबदारी सगळ्यांची असते आणि प्रत्यक्षात ती कोणाच्याच दारात जाऊन उभी राहत नाही. त्या रात्रीबद्दल मला कोणी काही विचारले नाही. मीही कोणाला सांगितले नाही.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असत. कारण कोणाला कळेना. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर तिथे होता. मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरीने जखम होऊन मरण पावला, आणि त्याची लक्षणे हुबेहूब बाळंतज्वरासारखी होती. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. मे महिन्यात त्याने विभागाच्या दारात क्लोरीनच्या चुन्याचे पाणी ठेवले आणि हात धुतल्याशिवाय आत यायचे नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी मरत होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास आल्या.

हा इतिहास परिचर्येच्या वर्गात सगळीकडे शिकवतात. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा सांगत नाहीत. व्हिएन्नातल्या गरीब बायकांना हे आधीपासून माहीत होते. पहिल्या विभागात नका टाकू म्हणून त्या हातापाया पडत. काही जणी तर रस्त्यातच बाळंत होणे पत्करत. जंतू म्हणजे काय ते त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते, त्यांनाही नव्हते. पण कुठे गेलेली बाई परत येत नाही, एवढे त्यांना कळत होते. त्यांना कोणी विचारले नाही. आणि ज्यांच्या हातांमुळे हे होत होते त्यांना सेमेलवाइसचे म्हणणे अपमानाचे वाटले. सभ्य माणसाचे हात घाण कसे असतील? त्याची नोकरी टिकली नाही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो वारला.

तो काळ मागे पडला, असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत गंभीर आजारांसाठी दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी ७ जणांना दवाखान्यातच नवा संसर्ग होतो. आपल्यासारख्या मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना होतो. असा संसर्ग झालेल्यांत दहापैकी एक दगावतो. बाळांच्या बाबतीत दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात एक अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. रक्तात जंतू गेलेल्या बाळांपैकी सुमारे दोन तृतीयांश बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच लागण झालेली होती. सापडलेले जंतूही असे, की जे दवाखान्यांतून मुक्काम करून असतात आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणजे बाळाला बाहेरचे जग दिसायच्या आत दवाखान्याचे जंतू भेटलेले असतात.

आता हात कोणाचे, ते पाहू. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. नांदेड, लातूर, अंबाजोगाई यांपैकी कोणत्याही गावी सरकारी दवाखान्यात आपले माणूस दाखल केलेले असेल, तर सिस्टरला एका वेळी किती खाटा पाहाव्या लागतात ते तुम्ही मोजलेले असेल. नांदेडला तर हिंगोली, परभणी, यवतमाळकडून आणि शेजारच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. मग उरलेले काम कोण करते? आपणच करतो. रुग्णाला कुशीवर वळवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, नळीतून दूध घालणे, उलटी पुसणे, जखमेवरची पट्टी सुटली तर दाबून धरणे. हे सगळे शुश्रूषेचेच काम आहे. ते आपण करतो, आणि ते कसे करायचे हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. गेटवर पास देतात, सूचना देत नाहीत. आणि काही झाले की म्हणतात, “नातेवाइकांनी गर्दी केली, घाण केली.” हा अर्धा न्याय झाला.

त्याच हातांचा उपयोग करून घेता येतो, हेही दिसून आले आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आजारी बाळांच्या आईवडिलांना हात धुणे, बाळ हाताळणे, धोक्याची लक्षणे ओळखणे हे रीतसर शिकवून आत घेतले. संसर्ग वाढला नाही. उलट घरी जाताना अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले. २०१७ मध्ये केंद्र शासनाने या पद्धतीच्या मार्गदर्शक सूचना देशभरासाठी काढल्या. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला आणखी एक अभ्यास आला. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवले, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू पाव हिश्शाने कमी होतात, असे त्यात आढळले. पेटीतल्या बाळाला दहा जणांचे हात लागतात, आईच्या छातीवरच्या बाळाला मुख्यतः आईचेच. आईच्या अंगावरचे जंतू हे बाळाच्या घरचे जंतू असतात, ते सहसा घात करत नाहीत.

पण आईला आत घ्यायचे तर तिच्याशी बोलावे लागते. आपल्याकडे बाळंतिणीच्या हातात हिरवा चुडा असतो, मनगटाला दोरा असतो, बोटात अंगठी असते. त्यांच्याखाली पाणी पोचत नाही. मी कितीतरी सिस्टर पाहिल्या की ज्या दारातच ओरडत, “काढ त्या बांगड्या!” सासू लगेच पुढे येणार, भरल्या हाताच्या बांगड्या काढायच्या नसतात म्हणणार. तिथे वाद घालून उपयोग नसतो. बांगड्या कोपराकडे सारून एका पट्टीने बांधल्या की मनगट मोकळे होते, धुता येते. ही युक्ती मला एका बाळंतिणीच्या सासूनेच दाखवली. हे सांगणाऱ्या डॉक्टरच्या मनगटात मात्र घड्याळ, बोटात पुष्कराज आणि नवरात्रातला दोरा असतो, त्याचे काय, असेही त्या माउलीने मला विचारले होते. मी उत्तर दिले नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली तिथल्या आरोग्य खात्याने रुग्णाला तपासताना कोपराखाली काहीच नको असे ठरवले, हे मला फार नंतर वाचायला मिळाले.

पाण्याचे बोलायलाच हवे. लातूरकरांना २०१६ सांगायची गरज नाही. पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. जिथे घागरीला नंबर लावायचा, तिथे दर रुग्णामागे चाळीस सेकंद नळ सोडून हात धुवा, असे कोण कोणाला सांगणार? आणि त्या वर्षापुरतीच ही गोष्ट नव्हती. ज्या दवाखान्यात नळ दूर आहे, कोरडा आहे किंवा बेसिन तुंबलेले आहे, तिथे हात धुण्याची शपथ देणे म्हणजे थट्टा आहे. माणसाला जबाबदार धरण्याआधी त्याच्या हाताशी साधन ठेवावे लागते. ते काम डॉक्टरचे नाही, सिस्टरचे नाही, रुग्णाचे तर नाहीच. ते प्रशासनाचे आहे.

सुदैवाने यावर एक उपाय आहे, आणि त्याला पाणी लागत नाही. स्पिरिटाचे औषध हातावर घेऊन वीस ते तीस सेकंद चोळायचे, हात आपोआप वाळतात. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिये पिटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या बाटल्या प्रत्येक खाटेपाशी ठेवल्या. तिथे पाणी भरपूर होते, प्रश्न वेळेचा होता. सिस्टरला नळापर्यंत जाऊन येण्याएवढा वेळ नव्हता, म्हणून औषध तिच्या हाताशी आणले. तीन वर्षांत योग्य वेळी हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. संसर्ग झालेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. जिनिव्हासारख्या ठिकाणीही शंभरातल्या चौतीस वेळा राहूनच जात होते, हेही लक्षात घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेने याची कृती जगजाहीर केली आहे. ८० टक्के इथेनॉल, किंचित ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उकळून गार केलेले पाणी. उसाच्या मळीपासून इथेनॉल होते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मी काय सांगावे! २०२० च्या करोनाच्या साथीत राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांनी आपल्या डिस्टिलरीतून सॅनिटायझर काढलेच होते. उसाने आपले पाणी किती प्यायले यावर भांडणे होतात. त्यातले थोडे हातांच्या रूपाने परत मिळाले, तर माझी तक्रार नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हाताला रक्त, शी किंवा माती लागलेली दिसत असेल, तर साबण आणि पाणीच हवे. आणि रुग्णाला जुलाबाचा आजार असेल, तेव्हाही साबण-पाणीच बरे.

आता आपल्याकडे वळते. ‘आपल्याकडे’ म्हणजे रुग्ण आणि त्याची माणसे. नुसते दवाखान्याला बोलून भागणार नाही.

आमच्या भागात सलाईन लावले नाही तर दवाखान्यात नेल्यासारखे वाटत नाही. तोंडाने पाणी पिऊ शकणारा, जेवू शकणारा माणूस दोन बाटल्या चढवून घेतो आणि ‘आता ताकद आली’ म्हणतो. त्या बाटलीत मुख्यतः मीठ किंवा साखरेचे पाणी असते. आणि कातडीला पाडलेले प्रत्येक छिद्र हे जंतूंना दार असते. लघवीच्या नळीचेही तसेच. ती जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो. ती लवकर काढायची असते, पण रुग्णाला उठवून नेण्याचे कष्ट वाचतात म्हणून नातेवाईकच म्हणतात, “राहू द्या की दोन दिवस.” डॉक्टरही विसरतात. रोज सकाळी एकच प्रश्न विचारा, “ही सुई, ही नळी आज लागते का?” एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ काम होते. पिशवी मात्र कमरेच्या खालीच ठेवा, खाटेवर रुग्णाशेजारी नको. ती वर उचलली की लघवी उलटी आत जाते.

बेसिनचे सांगितले. ते तुंबते कशाने? राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि दवाखान्याची बेसिने त्यानंतरही लाल झालेली मी पाहिली आहेत. ज्या बेसिनमध्ये सिस्टरने हात धुवायचे, त्यात आपण थुंकायचे आणि मग संडास घाण म्हणून व्हिडिओ काढायचा. असो. भेटायला येणाऱ्यांचा तर विषयच काढू नये. बाळ बघायला एकदम जीप भरून माणसे येतात. त्यातल्या एकाला सर्दी असतेच, आणि तोच बाळाचा मुका घेतो. त्याला ‘नको’ म्हणायला बाळाच्या बापाची जीभ उचलत नाही. पाहुणा रुसेल म्हणून.

या सगळ्यात एक माणूस कोणाच्या खिजगणतीत नसतो. माझ्या एका वॉर्डात सफाईला एक मावशी होत्या. अक्षरओळख नव्हती. त्यांच्याकडे फरशी पुसायच्या दोन काठ्या होत्या. एकीच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली, ती संडासाची. दुसरी वॉर्डाची. एकदा एका नव्या मुलाने लाल चिंधीची काठी बाळांच्या खोलीत नेली, तर त्यांनी ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि साहेबांच्या राउंडसमोर त्याला झापले. ब्लीचचे पाणी त्या रोज सकाळी ताजे करीत, कालचे ओतून देत. कालच्या पाण्यात दम नसतो, म्हणत. ते शास्त्राला धरून आहे. त्या मावशींना एक दिवस कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचली. सुया वेगळ्या, न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायच्या असतात. कोणी तरी शिकलेल्या माणसाने ती साध्या पिशवीत टाकली होती. कावीळ ‘ब’ची लस मावशींना दिलेलीच नव्हती, कारण त्या कंत्राटावर होत्या. पुढचे सहा महिने रक्त तपासताना दर वेळी त्या मला विचारत, “बाई, आलं काय काही?” काही आले नाही. पण सुई टाकणारा कोण होता, ते शेवटपर्यंत कळले नाही. इथेही साक्षीदार नव्हता.

शेवटी एक गोष्ट सांगते आणि थांबते. निवृत्तीनंतर माझी नात लातूरला जन्मली. दिवस भरायच्या आधी. आठ दिवस नवजात कक्षात होती. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘बाहेर थांबा’ म्हटले, आता मी बाहेर होते. मला आणि लेकीला आळीपाळीने आत सोडत. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आली. चांगली होती मुलगी, रात्रभर जागलेली दिसत होती. शेजारच्या बाळाला तपासले, खिशातून मोबाइल काढून काही पाहिले, मोबाइल ठेवला आणि आमच्या बाळाकडे हात नेला. मला सगळे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत. त्यातली पहिली म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधी. हे मी शेकडो मुलींना शिकवले होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वाटले, हिला राग आला तर? राग बाळावर निघाला तर? एकतीस वर्षे नोकरी करून माझी ही गत, तर खेड्यातून आलेल्या, ‘अहो-जाहो’ करतानाही घाबरणाऱ्या आईने काय विचारावे?

रात्रभर मी स्वतःवर चिडले होते. त्या जुन्या आजीचे हात आठवत राहिले.

सकाळी ती डॉक्टर आली तेव्हा मी खाटेला अडकवलेली बाटली काढली, आधी माझ्या हातावर दाबली, हात चोळत चोळत तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, “घ्या डॉक्टर, तुम्हालाही.” ती क्षणभर थबकली. मग हसली, मोबाइल खिशात टाकला आणि दोन्ही तळवे पुढे केले. म्हणाली, “आजी, उद्याही आठवण करा हं. रात्री झोप नसते, विसरायला होते.”

शेजारच्या पाळण्यापाशी औशाकडची एक आजी बसली होती. ती हे पाहत होती. डॉक्टर तिच्या नातवाकडे वळायच्या आधी ती उठली, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, ती बाटली द्या की जरा इकडं.”